विंडोज १० चं अपडेट फेल होतंय? ऑक्टोबर २०२६ च्या आत निस्तरा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. निगडीपासून चाकणपर्यंत घराघरांत, छोट्या वर्कशॉपच्या टेबलांवर असलेले जुने पीसी तेव्हापासून कात्रीत सापडलेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१७ च्या आधी घेतलेल्या इंटेल मशिनमध्ये तो नसणारच. आणि नवीन पीसी लगेच घेणं सगळ्यांना परवडत नाही.

मधला रस्ता आहे, ईएसयू. यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. मुख्य अट म्हणजे विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. घोडं इथेच अडतं. अपडेटच फेल होत असेल तर २२एच२ वर पोचणार कसं?

अपडेट नाही केलं तर काय बिघडतं?

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला आणि त्यात मर्स्क समूहाचं न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरला, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. तो पासवर्ड चोरूनही पसरायचा, त्यामुळे नुसतं अपडेट पुरलं असतं असं नाही. पण उघडं दार बंद करणं आपल्या हातात असतं.

उलट भीतीही खरी आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिन बंद पाडली. ते अपडेट विंडोजचं नव्हतं. धडा मात्र सगळ्यांना लागू: आधी बॅकअप, मग अपडेट.

अडतं कुठे?

- जागा नाही. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर आधी डिस्क क्लीनअप करा, फोटो-व्हिडिओ दुसरीकडे हलवा. २० जीबी तरी मोकळी ठेवा.
- लाइट जाते. आपल्या पट्ट्यात गुरुवारी औद्योगिक सुट्टी आणि महावितरणची देखभालीची कामं असतात. त्यामुळे मोठं अपडेट बुधवारी रात्री लावून झोपू नका. यूपीएस नसेल तर पावसाळी संध्याकाळही टाळा.
- अपडेट बंदच करून ठेवलंय. असेंबल केलेल्या पीसीत क्रॅक विंडोज टाकताना अपडेट सर्व्हिस बंद केलेली असू शकते. सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज अपडेट' डिसेबल्ड दिसलं तर तेच कारण.
- ८००७०६४३ एरर. जानेवारी २०२४ च्या केबी ५०३४४४१ अपडेटने हा एरर गाजवला. रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नसली की ते फेल व्हायचं. पार्टिशनला हात लावण्याआधी जाणकाराला दाखवा. चूक झाली तर डेटा जातो.

क्रमाने काय करायचं?

१. टॅलीचा डेटा, बिलं, फोटो पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.
२. प्रिंटर आणि जास्तीच्या यूएसबी वस्तू काढा, पीसी रीस्टार्ट करा.
३. सेटिंग्जमधल्या अपडेट अँड सिक्युरिटीत जाऊन विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा.
४. तरी होईना? मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि 'फाइल्स व अॅप्स ठेवा' हा पर्याय निवडून २२एच२ वरूनच टाका. बहुतेक गुंते इथे सुटतात.
५. स्क्रीन 'अपडेट होतंय' वर अडकली तरी लगेच बटण दाबू नका. जुन्या हार्ड डिस्कला दोन-तीन तास सहज लागतात.

ईएसयू म्हणजे फक्त मुदतवाढ आहे, हे विसरू नका. १३ ऑक्टोबर २०२६ नंतरही ते मशीन वापरायचं असेल तर दोन पर्याय उरतात. बँकेची कामं दुसरीकडे हलवून ते इंटरनेटपासून तोडायचं, किंवा त्यावर लिनक्स टाकायचं. निर्णय आत्ता घेतला तर नवीन पीसीसाठी पैसे बाजूला काढायलाही वेळ मिळतो.