‘मदत’ कुणाला करताय?



आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. घरातले पुरुष वाचत असतील तर वाचू देत.

‘मी हिला घरात मदत करतो’ हे वाक्य हल्ली लग्नकार्यात, सभेत, सगळीकडे कौतुकाने ऐकू येतं. मला ते खटकतं. शेजारणीने माझं दळण आणून दिलं तर ती मदत. पण ज्या घरात माणूस राहतो, जेवतो, आंघोळ करतो, त्या घरातला गळका नळ त्याने दुरुस्त केला तर ती मदत कशी होईल? मी बी.कॉम. झालेली बाई आहे. दोन भागीदारांच्या धंद्यात एक जण दुसऱ्याला ‘तुला मदत करतो’ असं म्हणायला लागला, तर समजावं की त्याला नफ्यात वाटा हवाय आणि कामाच्या खात्यावर नाव नकोय.

नळाचंच उदाहरण घेऊ. सेकंदाला एक थेंब पडतोय आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. वर्षाला दीड हजार लिटरपेक्षा जास्त. आपल्याला तर लहानपणापासून शिकवलंय की पाणी हाच जीव, जलकायिक जीव. आपण गाळण्याचं फडकं दुहेरी करतो, जिवाणी सांभाळतो. आणि त्याच घरात तीन-तीन आठवडे नळ ठिबकत असतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे, हे पाठशाळेत आपण सगळ्यांनी शिकलंय. मग हा प्रमाद कुणाचा? ठिबकण्याचा आवाज रात्री ज्याच्या ज्याच्या कानावर पडतो, त्या प्रत्येकाचा. फडकं बाईच्या हातात असतं म्हणून पाण्याचं पाप-पुण्य फक्त बाईच्या खात्यावर मांडायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अगं, मग प्लंबरला बोलव ना.’

या ‘बोलव ना’मध्ये किती कामं लपलेली असतात बघा. नंबर शोधायचा. तीन वेळा फोन करायचा. तो म्हणतो, ‘दुपारी येतो, दोन ते सहात कधीही.’ म्हणजे चार तास कुणीतरी घरी थांबायचं. ते कुणीतरी कोण, हे विचारावं लागत नाही. तो आला की गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याआधी दोन बादल्या भरून ठेवायच्या, सिंकखालचे डबे काढायचे. तो म्हणाला, ‘वायसर नाही, स्पिंडलच गेलंय,’ की रस्त्यापलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानात पळायचं. मग पैसे, पुसापुशी आणि दोन दिवसांनी पुन्हा गळतंय का ते बघणं. संध्याकाळी साहेब येतात, नळ फिरवून बघतात आणि विचारतात, ‘किती घेतले? एवढे?’

आमच्या सुनेचं ऑफिसचं काम आठवड्यातून तीन दिवस घरून असतं. मुलाचंही तसंच. दोघांचा पगार साधारण सारखा. पण बेल वाजली की उठते ती. तो मीटिंगमध्ये असला की घरातले सगळे दबक्या आवाजात बोलतात. ती मीटिंगमध्ये असली की पाहुणे दार ढकलून विचारतात, ‘चहा घेणार का ग तू पण?’ त्यात हिवाळ्यात आपल्या सांगली-कोल्हापुराकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. सूर्यास्ताआधी जेवायचा नियम घरातल्या चौघांनी घेतलेला असतो, पण साडेपाचला लॅपटॉप मिटून गॅसपाशी धावत जाणारी एकटीच. नियम चौघांचा आणि धाप एकीची!

हे फक्त माझ्या घरचं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि जे पुरुष ही कामं करतात ते ९७. २०२४ साली बायकांची २८९ झाली. वाटलं, चला, ओझं थोडं हललं. तर पुरुषांची ८८ वर आलेली! आपली दहा कमी झाली तशी त्यांचीही नऊ कमी झाली. या कामाला किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये बजावून सांगितलं, पण ते मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात. म्हणजे बाई गेल्यावर हिशेब मांडायचा. जिवंतपणी तिला म्हणायचं, ‘दिवसभर घरीच तर असतेस.’

कुणी म्हणेल, पुरुषांना ही कामं येत नाहीत. अजिबात पटत नाही. चातुर्मासात महाराजांच्या आहारासाठी चौका लावला की हीच मंडळी सोवळं नेसून पहाटे विहिरीचं पाणी शेंदतात, कळशा वाहतात, पाट मांडतात. कुणी सांगावं लागत नाही. वैयावृत्त्य म्हणून आनंदाने करतात, आणि ते मोठंच काम आहे. पण तेच हात घरी आले की वायसर बदलायला का उठत नाहीत? पाना धरायला कळशी उचलण्याइतकीसुद्धा ताकद लागत नाही.

आणि आपल्यातही काही सासवा आहेत, मुलाने पाना हातात घेतला की धावतात, ‘राहू दे बाळा, दमून आलायस.’ सूनही दमूनच आलेली असते, ते दिसत नाही त्यांना.

तेव्हा आमच्याकडे दिवाळीनंतर मी एक पद्धत सुरू केली आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गॅसवाला यांचे नंबर चौघांच्या फोनमध्ये. ज्याला बिघाड पहिल्यांदा दिसेल, त्याने फोन करायचा आणि त्यानेच घरी थांबायचं. सुट्टी काढावी लागली तर त्याने काढायची. ‘आई, नळ गळतोय’ एवढं सांगून कुणाची सुटका नाही. वायसर, टेफ्लॉन टेप, पाना आणि पकड एका डब्यात घालून तो डबा स्वयंपाकघरातून काढला आणि दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवला. ह्यांनी दोन दिवस नाक मुरडलं, ‘इथे कशाला, पाहुणे येतात.’ मी म्हटलं, येऊ देत, त्यांनाही दिसू दे. परवा बाथरूमचा नळ ठिबकायला लागला तेव्हा नातवाने आधी पाहिलं. तो दहा वर्षांचा आहे, म्हणून आजोबांना गच्चीवर जावं लागलं.