आधी वाळवण, मग गोदाम

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याने धान्य साठविण्याची जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, ती मुख्यतः रब्बी ज्वारीच्या आधाराने वाढली. आणि ही ज्वारी माघ-फाल्गुनात, निरभ्र उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात काढणीस येत असल्यामुळे कणसातच बरीचशी वाळे, खळ्यावरील मळणी-उफणणीत उरलासुरला ओलावा टाकी, आणि मग शेणमातीने लिंपलेल्या कणगीत किंवा जमिनीखालच्या पेवात निर्धास्तपणे पडून राही. पेवाचे तोंड लिंपून बंद केले की आतल्या प्राणवायूचा हळूहळू क्षय होऊन किडीचा नाश होई. पेव उघडताच त्यात माणूस न उतरविण्याची दक्षता जुनी माणसे घेत, तीही याच कारणाने. या साऱ्या व्यवस्थेचे अधिष्ठान मात्र एकच होते: आत जाणारा दाणा कोरडा असे.

सोयाबीन आणि मका या पिकांनी हे अधिष्ठान हलविले आहे. ही पिके भाद्रपदाच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंत, म्हणजे नेमकी परतीच्या पावसाच्या दिवसांत, खळ्यावर येतात. सरकारी दप्तरी अवर्षणप्रवण म्हणून नोंदलेल्या शेवगाव-पाथर्डीसारख्या तालुक्यांतही सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने शिवारे पाण्याखाली गेली. अशा वर्षी जे काही पीक हाती लागते, ते वाळवावयास ऊन नसते. मळणीयंत्रातून निघालेला दमट माल बारदानात भरून, बंद खोलीत भिंतीशी थप्पी लावून, शेतकरी भावाची वाट पाहत बसतो. परंतु दाणा हा सजीव पदार्थ आहे, ओलाव्याबरोबर त्याचे श्वसन वाढते, श्वसनातून उष्णता आणि आणखी बाष्प निर्माण होते, आणि दिवाळीच्या सुमारास रात्री गार होऊ लागल्या की राशीच्या पोटातील ऊबदार हवा वर चढून थंड झालेल्या थराशी ओल सोडते. तेथेच प्रथम बुरशी धरते, तेथेच कुबट वास सुटतो, आणि पेरणीसाठी राखून ठेवलेल्या बियाण्याची उगवणशक्तीही तेथेच खालावते.

यावर ‘खोलीत हवा खेळती ठेवा’ असा मोघम उपदेश पुरेसा नाही. पावसाळी रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर बाहेरचा दमटपणा दाण्यात शिरतो. राशीखालच्या सच्छिद्र नळीतून पंख्याने हवा सोडावयाची, तर ती हवा धान्याहून गार आणि कोरडी असेल तेव्हाच सोडली पाहिजे. शिवाय राशीला गारवा देणे हे एक काम आणि दाणा वाळविणे हे दुसरे. १८ टक्के ओलाव्याचे एक क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर आणावयाचे म्हणजे त्यातून सुमारे ७ किलो पाणी काढावे लागते. शंभर क्विंटलांतून सातशे किलो. ढगाळ हवेत हे काम नुसत्या पंख्याच्या आवाक्यातले नव्हे. त्यास बेताची ऊब दिलेल्या हवेचा जोरदार प्रवाह, म्हणजे वाळवणीयंत्र, लागते.

हवेचे हे महत्त्व नगरच्या शेतकऱ्यास नवे नाही. जमिनीपासून उचललेल्या तळाची, बाजूंनी फटी ठेवलेली कांदाचाळ पारनेर, राहुरी, नेवाशाच्या वस्त्यावस्त्यांवर उभी आहे, आणि तिला सरकारी अनुदानही मिळत आले आहे. धान्याच्या वाट्यास मात्र बहुधा गोदामच येते. प्राथमिक सहकारी संस्थांच्या पातळीवर साठवणूक उभारण्याची मोठी योजना केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये मंजूर केली. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळू शकते. या तजविजी स्तुत्य आहेत; पण सहा महिने टिकेल असा कोरडा माल ज्याच्यापाशी आहे, त्यालाच त्यांचा उपयोग, आणि ज्याचा माल भिजला त्याला मिळेल त्या भावात तो आडत्याच्या पुढे ओतावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोयाबीनच्या हमीभाव खरेदीतील ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती १२ वरून १५ टक्क्यांवर नेण्यात आली. त्या घटकेस तो दिलासा होता. परंतु सरकारी हुकुमाने दाणा वाळत नाही, आणि १५ टक्क्यांचा दाणा गोदामातही १५ टक्क्यांचाच राहतो.

वाळवणीयंत्र एकट्या शेतकऱ्यास परवडणारे नाही आणि वर्षातील बहुतेक काळ ते रिकामे पडून राहील, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ते गावच्या विकास सोसायटीकडे असावे. सोयाबीनमागून मका, मक्यामागून तूर, आणि मार्चमधील अवकाळी पावसात सापडलेला गहू, असा त्याचा उपयोग फिरता राहील. क्विंटलमागे माफक आकार घ्यावा, आर्द्रतामापक यंत्र सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेवावे, म्हणजे बाजारातील ओलाव्याच्या कपातीविषयीही शेतकऱ्यास स्वतःच्या आकड्याच्या आधाराने बोलता येईल. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये लोणी येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्या जिल्ह्यास एवढी उभारणी अवघड वाटण्याचे कारण नाही. सरकारने यापुढे गावपातळीवरील धान्यगोदामास अनुदान देताना त्याशेजारी वाळवणीची सोय असण्याची अट घालावी. आणि सोसायट्यांनी येत्या खरिपाची वाट न पाहता तसा ठराव आपल्या वार्षिक सभेत मांडावा.