विचार शिकविणाऱ्या पुस्तकाचे लेखक कोण?

मुलांना विचार करावयास शिकविणारे पुस्तक हवे, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही चिकित्सक विचारशक्तीवर भर दिला आहे. मागणी रास्तच आहे. परंतु असे पुस्तक लिहावे कोणी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शहरातील तज्ज्ञ लिहितील आणि गोंदिया शहरालगतच्या मुर्रीतील शिक्षक ते वर्गात वाचून दाखवील, हे आपण गृहीतच धरलेले असते. ज्या शिक्षकाला स्वतःला विचारच विचारला गेला नाही, त्याने मुलांना विचार शिकवावा, ही अपेक्षा मोठी विचित्र आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीचे काय झाले ते पाहावे. मूल नव्या प्रश्नाला कसे भिडते, हे जोखण्यासाठी ती योजलेली. आज बाजारात तिची जाडजूड मार्गदर्शके मिळतात आणि आकृत्यांच्या युक्त्या पाढ्यांसारख्या घोकून घेतल्या जातात. विचाराचे पुस्तक वरून आले तर त्याचेही मार्गदर्शक निघेल, यात शंका नको.

अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी हे काम केले. विद्यापीठात शिकविताना त्यांच्या ध्यानी आले की, तर्कशुद्ध विचाराची सवय त्या वयात लावणे म्हणजे फार उशीर करणे होय. म्हणून त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यातील हॅरी धूमकेतूला ग्रह म्हणून बसतो आणि मग त्याला उमगते की, सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात हे खरे असले, तरी सूर्याभोवती फिरणारे सर्वच ग्रह नसतात. पुढे अ‍ॅन मार्गारेट शार्प व फ्रेडरिक ऑस्कॅनियन यांच्यासह त्यांनी शिक्षकांसाठी ग्रंथ सिद्ध केला. उत्तम काम, पण भाषांतर करून भागणार नाही. हॅरी स्टॉटलमायर या नावातच अ‍ॅरिस्टॉटलवरचा श्लेष आहे, तो मराठीत कसा उतरणार?

आपल्याकडेही हे प्रयत्न झाले आहेत. १९६२ साली पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तेथे गिल्फर्ड यांच्या प्रतिमानाच्या आधारे बुद्धीच्या पैलूंच्या चाचण्या तयार झाल्या. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके शास्त्रज्ञ व शिक्षक यांनी मिळून घडविली. शिक्षकांच्या मासिक बैठकांत वर्गातील अडचणी मांडल्या जात आणि पुस्तकांत फेरफार होत. त्या उपक्रमातील मंडळींच्या सर्वच मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. २००२ साली तो शासनाने बंद केला. पण पुस्तक लिहिण्याची ती रीत मात्र घेण्याजोगी आहे.

कारण सामग्री गावातच आहे. हा धानाचा मुलूख. पऱ्हे तयार आहेत, पाऊस ओढ देतो आहे, तलावाचे पाणी सर्व बांध्यांना पुरणार नाही. रोवणी आधी वरच्या बांधीत करावी की खालच्या? याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर देता येत नाही. पाण्याचा उतार, मजुरांची उपलब्धता, शेजाऱ्याचा हक्क, सारे मुलाला जोखावे लागते. किंवा सारस पक्षी घ्या. महाराष्ट्रात तो मुख्यत्वे याच जिल्ह्यात उरला आहे आणि धानाच्या शेतात घरटे करतो. घरट्यापायी पिकाची नासाडी झाली तर ती कोणी सोसावी? शेतकऱ्याने, शासनाने, की गावाने? असे प्रश्न पुण्यातील तज्ज्ञाला सुचणार नाहीत, आणि त्यांची तर्कसंगत मांडणी शिक्षकाला एकट्याने साधेलच असे नाही. म्हणून सहलेखन.

भाषेचाही विचार हवा. येथील कित्येक घरांत पोवारी बोलतात, बाजारात हिंदी चालते, पुस्तक प्रमाण मराठीत असते. शब्द शोधण्यातच मुलाची शक्ती खर्ची पडली तर विचार करावयास उरते काय? प्रश्नावरील चर्चा मुलाला घरच्या बोलीत करू द्यावी. निष्कर्ष मग मराठीत लिहावा.

खरी अडचण मात्र निराळीच आहे, आणि ती आपल्या घरांत आहे. विचार देणे आणि विचार करावयास शिकविणे, यांत आपण गल्लत करतो. संस्कार म्हणजे निमूटपणा, असे मानणारे पालक थोडे नाहीत. कठोपनिषदातील नचिकेता मात्र निमूट नव्हता. बाप म्हाताऱ्या, भाकड गाई दान देतो आहे हे त्याने पाहिले आणि मला कोणाला देणार, असे पुन्हा पुन्हा विचारले. बाप संतापला. आपल्या परंपरेने मान दिला तो मुलाला! न्यायदर्शनानेही सत्य शोधणारा वाद आणि नुसता जिंकण्यासाठीचा जल्प वेगळे मानले. विचार करणारे मूल उद्या आपल्या बैठकीतही हेतू विचारील. त्यास उत्तर देण्याची तयारी असेल, तरच आपण या पुस्तकाची मागणी करावी.

प्रारंभ लहान असावा. गोंदिया तालुक्यातील पाच-सहा शिक्षक, तर्कशास्त्र जाणणारा एक प्राध्यापक, धानाची शेती करणारा एखादा जाणता. एक वर्षभर हस्तलिखित पाने वर्गात चालवावीत, फसलेले प्रश्न काढून टाकावेत आणि छपाईचा विचार त्यानंतर करावा. मुखपृष्ठावर नावे मात्र सर्वांची हवीत, शिक्षकांची आधी.