आधीच्या विमानात सीट रिकामी असते, तरी आपल्याला का मिळत नाही?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, तेव्हा विमानतळांवरच्या गर्दीचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांविषयीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला होता आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची त्यासाठी पुरेशी तयारी नव्हती. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली: ५०० किमीपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. कर वगैरे वेगळे.

त्या आठवड्यात देहूतल्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता. हिंजवडी, तळवडे, चाकणला नोकरी करणारी, कामासाठी बंगळुरू-दिल्लीच्या फेऱ्या मारणारी ही पोरं. "ॲपवर दुसऱ्या फ्लाइटला सीट दिसतेय, मग मला त्यात का बसवत नाहीत?"

गोंधळाचे दिवस बाजूला ठेवले तरी हा प्रश्न उरतोच. तुमचं काम लवकर आटोपतं, तिकीट रात्रीचं असतं आणि त्याच कंपनीचं संध्याकाळचं विमान वीस-पंचवीस सीट रिकाम्या घेऊन तुमच्या डोळ्यांदेखत उडतं. अमेरिकेत अशा वेळी एक शब्द वापरतात, स्टँडबाय. आपल्याकडे तो रुळलेला नाही. तो का रुळला नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि भाड्याच्या हिशेबात जास्त सापडतं, असं माझं मत आहे.

स्टँडबाय म्हणजे नेमकं काय?

तुमचं रात्रीचं तिकीट पक्कं राहतं. तुम्ही त्याच दिवसाच्या, त्याच मार्गावरच्या आधीच्या विमानाच्या यादीत नाव टाकता. त्या विमानाला शेवटच्या क्षणी सीट उरली तर तुम्ही जाता, नाही उरली तर रात्रीचं विमान आहेच. रेल्वेच्या वेटिंगशी याची गल्लत करू नका. वेटिंगवाल्याच्या हातात काहीच नसतं. स्टँडबायवाल्याची एक सीट आधीच खिशात असते.

अमेरिकन एअरलाइन्सने १ ऑक्टोबर २०२० पासून आणि युनायटेडने १ जानेवारी २०२१ पासून त्याच दिवसाच्या विमानासाठी ही सोय फुकट केली. कोविडमध्ये विमानं रिकामी जात होती, प्रवाशाला चुचकारायचं होतं. डॅलसमध्ये राहणारा माझा कॉलेजचा मित्र सांगतो की ॲपमध्ये यादी दिसते, आपण कितव्या नंबरवर आहोत ते कळतं आणि गेटवरच्या पडद्यावरही आडनावाची पहिली अक्षरं झळकत असतात.

ज्यांनी डेटा स्ट्रक्चरचा पेपर दिलाय त्यांच्यासाठी एका वाक्यात: ही प्रायॉरिटी क्यू आहे. कंपनीच्या चुकीमुळे ज्याचं विमान हुकलं तो साधारणपणे वर, मग नेहमीचे प्रवासी, मग बाकीचे, आणि सगळ्यात खाली सवलतीच्या पासवर फिरणारे विमान कंपनीचेच कर्मचारी. एकाच पायरीवर दोघं असतील तर ज्याने आधी नाव टाकलं तो पुढे. कोड म्हणून यात काहीच अवघड नाही. इंडिगो आणि अकासा या दोघीही नॅव्हिटेअर नावाची बुकिंग प्रणाली वापरतात, जी जगभरातल्या स्वस्त विमान कंपन्या वापरतात. अशा प्रणालीला एक यादी सांभाळणं झेपणार नाही, हे मला तरी पटत नाही.

मंडईचा उलटा न्याय

पिंपरीच्या मंडईत सकाळी वीसला मिळणारी कोथिंबिरीची जुडी रात्री पाचला मिळते. उद्या ती सुकणार, म्हणून. विमानाची सीट तर त्याहून नाशवंत. दार बंद झालं की तिची किंमत शून्य. मग ती शेवटच्या तासाला स्वस्त का होत नाही?

कारण शेवटच्या तासाला येणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा अडलेला असतो. कुणाच्या घरी आजारपण, कुणाची अचानक ठरलेली मीटिंग. कंपन्या १८० सीट एका भावाने विकत नाहीत, त्यांचे भावाप्रमाणे गट पाडतात. स्वस्त गट आधी संपतो, महाग गट शेवटपर्यंत उघडा ठेवतात. तुम्ही रात्रीच्या विमानाचं तिकीट महिनाभर आधी स्वस्त गटात काढलेलं असतं. त्याच दिवशी दुपारी संध्याकाळच्या विमानात फक्त महाग गट शिल्लक असतो. म्हणून ॲपवर बदल करायला गेलात की दोन आकडे दिसतात, एक बदलाचं शुल्क आणि दुसरा भाड्यातला फरक. माझं बंगळुरूचं काम एकदा दुपारी एकलाच संपलं होतं. पाचच्या विमानासाठी काउंटरवर सहा हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. माझं मूळ तिकीट चार हजारांच्या आत होतं. अर्थातच मी रात्रीपर्यंत बसून राहिलो.

आता वडापवाल्याचा विचार करा. देहू-निगडी रस्त्यावर एक सीट रिकामी असेल तर तो "एक सीट, एक सीट" ओरडतो, मिळेल त्या माणसाला घेतो आणि निघतो. विमान कंपनी ओरडत नाही. फुकट बसवलं तर उद्या सगळेच स्वस्तातलं रात्रीचं तिकीट काढतील आणि संध्याकाळी जातील, ही तिची भीती. भीती अगदीच खोटी नाही. पण स्टँडबायमध्ये सीटची खात्री नसते, आणि ज्याला सहाला पोचायचंच आहे तो खात्रीसाठी पैसे मोजतोच. अमेरिकी कंपन्यांनी हे पाहिलं, आणि आणखी एक गोष्ट पाहिली: मी पाचच्या विमानात गेलो की माझी रात्रीची सीट मोकळी होते आणि ती विकायला कंपनीला अजून चार तास मिळतात. म्हणजे जी सीट वायाच जाणार होती ती देऊन विकता येण्याजोगी सीट परत मिळवली. यात तोटा कुठे आहे, मला दिसत नाही.

डिसेंबरसारख्या दिवसात तर याचा अर्थ आणखी मोठा होतो. समजा संध्याकाळचं विमान ८५ टक्के भरलंय. १८० सीटच्या विमानात २७ जागा उरल्या. रात्रीच्या विमानातले २७ जण आधीच निघून गेले असते, तर ते रद्द झाल्यावर काउंटरसमोर तेवढे लोक कमी असते.

रिकामी सीट खरंच रिकामी आहे, हे कळतं कधी?

इथे मात्र तंत्रज्ञानाची एक खरी अडचण आहे. पूर्वी लोक काउंटरवर येऊन बोर्डिंग पास घ्यायचे. देशांतर्गत उड्डाणाला काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, त्यामुळे कोण आलं नाही ते तासभर आधी कळायचं. मे २०२० मध्ये विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा वेब चेक-इन सक्तीचं केलं आणि नंतर ती सवयच लागली. आता माणूस घरी बसून आदल्या दिवशी चेक-इन करतो. सिस्टीमच्या लेखी तो आलेला असतो, प्रत्यक्षात तो चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो. तो येत नाही हे गेट बंद होताना, म्हणजे उड्डाणाच्या साधारण २५ मिनिटं आधी पक्कं होतं.

पुण्यात २०२३ पासून डिजीयात्रा आहे. चेहरा दाखवून टर्मिनलमध्ये शिरणाऱ्याची नोंद दारातच होते, तेव्हा कोण अजून आत आलेलंच नाही हे कळणं शक्य आहे. पण सगळेच डिजीयात्रा वापरत नाहीत, आणि चेहऱ्याची माहिती सीट विकायच्या कामाला जुंपावी असं मला वाटतही नाही.

दुसरी अडचण बॅगेची. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटात कोसळलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरमध्ये ज्या प्रवाशाच्या नावाने चढवली गेली, त्याची एअर इंडियाच्या विमानातली सीट कन्फर्म नव्हती, तो वेटिंगवर होता. काउंटरवर हट्ट धरून त्याने बॅग शेवटपर्यंतच्या प्रवासासाठी पाठवायला लावली आणि स्वतः मात्र विमानात बसलाच नाही. प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही, हा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. म्हणून रात्रीच्या विमानासाठी बॅग आत दिली असेल, तर तुम्हाला संध्याकाळच्या विमानात हलवणं म्हणजे खाली ढिगातून ती बॅग शोधणं आलं. फक्त पाठीवरची सॅक असणाऱ्याची गोष्ट वेगळी.

मग नियमात आपल्या हातात काय आहे?

आधीच्या विमानात बसायचा हक्क डीजीसीएचा कुठलाही नियम देत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने एक मसुदा काढला, त्यात तिकीट काढल्यापासून ४८ तासांत फुकट बदल किंवा रद्द करायची मुभा होती. चांगली गोष्ट आहे, पण ती बुकिंगनंतरच्या दोन दिवसांची. प्रवासाच्या दिवशी दुपारी काम संपलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही, आणि भाड्यातला फरक तिथेही भरायचाच आहे.

हक्क सुरू होतो तो कंपनीने वेळापत्रक मोडलं की. उड्डाण रद्द झालं, तर पर्यायी विमान किंवा परतावा यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरी हाच पर्याय मिळतो. तिकीट पक्कं असून, वेळेवर पोचूनही जास्त बुकिंगमुळे बसू दिलं नाही, तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. तुम्हाला जबरदस्तीने थांबवलं आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई लागू होते: मूळ वेळेपासून २४ तासांच्या आत सुटणाऱ्या विमानाची सोय केली तर मूळ एकेरी भाडं आणि इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये, त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,०००. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेल अशी आशा धरू नका.

यातून एक युक्ती निघते. कंपनीला स्वतःला गरज असते, तेव्हा ती तुम्हाला फुकट हलवते. रात्रीचं विमान लांबणार आहे, दिल्लीत धुकं आहे, दोन उड्डाणं क्लब करायची आहेत, असा मेसेज आला की फक्त वाचून सोडू नका. त्यातल्या लिंकवर जा. इंडिगोकडे याला 'प्लॅन बी' म्हणतात. वेळ पुरेशी बदलली असेल तर आधीचं विमानही तिथून विनाशुल्क निवडता येतं, पण चांगल्या वेळेच्या सीट पटकन जातात.

गंमत म्हणजे 'प्रीपोन' हा शब्द इंग्रजीत रुळवला आपणच. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नको, हे अगदी आपल्या डोक्यातलं लॉजिक. शब्द इतका वापरतो, पण तिकिटावर तो करायला सहा हजार लागतात.

डीजीसीएने एवढंच करावं असं मला वाटतं: ज्या मार्गावर एका कंपनीची दिवसात चार-पाच विमानं आहेत, तिथे बॅग आत न दिलेल्या प्रवाशाला त्याच दिवसाच्या आधीच्या विमानाच्या यादीत फुकट नाव टाकता यावं आणि ती यादी ॲपमध्ये उघड दिसावी. यादी उघड असणं महत्त्वाचं, नाहीतर काउंटरवर ओळख असणाऱ्याचाच नंबर लागेल.

देहूकराला तर यात नुसत्या वेळेचा प्रश्न नाही. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. विमानतळाला त्यांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने २३ सप्टेंबर २०२४ ला मंजूरही केला. पण आजोळाहून गावी यायला रात्री साडेबाराला बस नसते, आणि देहू म्हटलं की कॅबवाला परतीचं भाडं मिळणार नाही म्हणून राइड रद्द करतो. संध्याकाळी सहाला उतरलेला माणूस विश्रांतवाडी-दिघी-मोशी करत बस बदलत घरी येऊ शकतो. रात्रीचं स्वस्त तिकीट म्हणूनच आम्हाला कॅबसकट मोजावं लागतं.

आणि समजा घरी खरंच तातडी आहे म्हणून तुम्ही आधीच्या विमानाचं नवं तिकीट काढलंच, तर जुनं तसंच सोडून देऊ नका. ॲपवर बदलाचा खर्च आणि नव्या तिकिटाचा खर्च दोन्ही पाहा, कधी कधी दुसऱ्या कंपनीचं नवं तिकीट स्वस्त पडतं. जुनं तिकीट मुदतीत रद्द करा. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. एकाच पीएनआरमध्ये पुढचा टप्पा असेल तर आधी कंपनीशी बोला, कारण पहिला टप्पा सोडल्यावर पुढचाही रद्द होऊ शकतो. मुदत टळली आणि तुम्ही नो-शो झालात, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क, म्हणजे तिकिटावरचं यूडीएफ वगैरे, परत द्यावंच लागतं, अगदी 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरसुद्धा. बऱ्याचदा ते मागितल्याशिवाय येत नाही. कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून मागा, दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार नोंदवा, आणि बोर्डिंग पास काढला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.