उरलेल्या वेळेतले लेखक



यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग आम्ही मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांना दिला आहे. त्यांच्या पुस्तकांविषयी अधूनमधून लिहिलं जातं. ते जगले कसे, पोटापाण्यासाठी काय करत होते, लिहायला कधी बसत, याविषयी मात्र फारच कमी. या विभागाची जुळवाजुळव करताना एक गोष्ट आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येत राहिली. मराठीत मुलांसाठी लिहिणारे बहुतेक मोठे लेखक दुसऱ्याच कामाच्या पगारावर जगले. मुलांसाठीचं लेखन त्यांनी उरलेल्या वेळेत केलं, आणि एक समाज म्हणून आपण ते तसंच चालू दिलं.

विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केलं. ते शिक्षण खात्यातले. थोरांची चरित्रं, सृष्टिज्ञान, कविता असा मजकूर मुलांना कळेल अशा मराठीत ते तीस वर्षांहून अधिक काळ देत राहिले, आणि त्यातला बराचसा स्वतःच लिहीत. वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ काढला. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. शाळा, महाविद्यालय, तुरुंग अशा ठिकाणी हे साहित्य जन्माला आलं. केवळ बालसाहित्याच्या मिळकतीवर घर चालवण्याची सोय मराठीने फारशी कुणाला करून दिली नाही.

भा. रा. भागवतांचं आयुष्य या दृष्टीने नीट पाहण्यासारखं आहे. १९१० साली इंदूरला जन्म. पत्रकारिता केली, आकाशवाणीत नोकरी केली, १९४२च्या लढ्यात भाग घेतला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक काढलं. मुलांचं मासिक चालवायचं म्हणजे लेखन, संपादन, छपाई आणि वर्गणीदार या सगळ्यांचा भार स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. ‘बालमित्र’ काही वर्षांनी बंद झालं, भागवत मात्र लिहीत राहिले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी अशा मराठीत आणल्या की ‘चंद्रावर स्वारी’ वाचणाऱ्या मुलाला ही गोष्ट परदेशातली आहे असं वाटतच नसे. त्यांच्या कथांतला फुरसुंगीचा बनेश ऊर्फ ‘फास्टर’ फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला आणि मराठी मुलांना त्यांच्यासारखंच बोलणारा, पडणारा, पुन्हा सायकलवर टांग मारून निघणारा नायक मिळाला. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत मुंबई आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ सांभाळत होत्या आणि मुलांसाठी स्वतंत्रपणे लिहीतही होत्या. एका घरात दोघंही मुलांसाठी लिहिणारे, आणि तरीही घर चालवायला इतर कामांचा आधार घ्यावा लागला. भागवत २००१ मध्ये गेले. २०१७ साली ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला, तेव्हा त्यात भा. रा. भागवत हे पात्र होतं आणि ते साकारलं होतं ‘बोक्या सातबंडे’ लिहिणाऱ्या दिलीप प्रभावळकरांनी. एका बाललेखकाने दुसऱ्याला वाहिलेली ही आदरांजली आम्हाला फार मोलाची वाटते.

रत्नाकर मतकरींनी ऐन उमेदीची वीसेक वर्षं बँक ऑफ इंडियात काढली. त्याच वर्षांत त्यांची ‘बालनाट्य’ संस्था उभी राहिली, ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटकं रंगमंचावर आली. १९७८ मध्ये बँक सोडून ते पूर्ण वेळ लेखक झाले. उतारवयातही ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. माधुरी पुरंदरे चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या, गायिका, अनुवादक. ‘राधाचं घर’, ‘यश’ अशा पुस्तकांत त्यांनी शब्द आणि चित्र दोन्ही स्वतः सांभाळलं. घरातली माणसं, शाळेचा दिवस, रुसवेफुगवे एवढ्याच सामग्रीतून त्यांनी मराठी चित्रपुस्तकाला नवं रूप दिलं.

या कामाची आपण किंमत काय केली? साहित्य अकादमीचे वार्षिक पुरस्कार १९५५ पासून दिले जातात. बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला तो २०१० मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी. मुख्य पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये, बालसाहित्याच्या पुरस्काराची पन्नास हजार. अकादमीने पुरस्कार सुरू केला याचं स्वागतच आहे. पण मुलांच्या पुस्तकाला मोठ्यांच्या पुस्तकाच्या निम्मं मोल, हा हिशेब फक्त अकादमीचा नाही, तो आपल्या सगळ्यांच्या मनातला आहे. विंदांवरच्या एखाद्या लेखात ‘स्वेदगंगा’, ‘मृद्गंध’ यांची चर्चा झाल्यावर शेवटच्या परिच्छेदात ‘बालकविताही लिहिल्या’ एवढं येतं. ‘राणीची बाग’ लिहिणारा कवी तिथे पाहुणा होऊन बसतो.

मुलांसाठी लिहिणं सोपं आहे, हा यामागचा समज. खरं तर मूल हा सर्वांत कडक वाचक आहे. त्याला लेखकाचं नाव, वय, मानसन्मान यांच्याशी देणंघेणं नसतं. दुसऱ्या पानावर कंटाळा आला की पुस्तक बाजूला. वाक्य मोठ्याने वाचताना जीभ अडखळता कामा नये, उपदेशाचा वास येता कामा नये, आणि मूल ज्याला घाबरतं त्या गोष्टीविषयी खोटंही बोलता कामा नये. हे साधायला वेळ लागतो. शिवाय मुलांच्या पुस्तकाला रंगीत छपाई हवी, किंमत मात्र कमी हवी. मग कात्री लागते ती लेखक-चित्रकारांच्या मानधनाला. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालवणाऱ्या ‘बालभारती’सारखी संस्था पाठीशी असली, तर चांगलं लेखन स्वस्तात आणि सातत्याने मुलांपर्यंत पोचतं, हे आपण पाहिलं आहे. ही जबाबदारी एकट्या सरकारी मासिकावर टाकून मोकळं होता येणार नाही.

म्हणून काही मागण्या. प्रकाशकांनी बालपुस्तकाचा लेखी करार करावा आणि चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर छापावं. वृत्तपत्रांनी बालदिनापुरतं न थांबता वर्षभर मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं द्यावीत. मराठीच्या अभ्यासक्रमांत बालसाहित्य हा गंभीर अभ्यासाचा विषय व्हावा. आमच्याकडून सुरुवात म्हणून या अंकातल्या बालविभागाला आम्ही कथा-कवितेइतकंच मानधन दिलं आहे, आणि पुढेही देऊ.

वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत फराळ आणि फटाक्यांच्या खर्चातून, आज लिहीत असलेल्या एखाद्या मराठी बाललेखकाचं पुस्तक पूर्ण किमतीला विकत घ्या, घरातल्या मुलाला वाचून दाखवा, आणि ते कुणी लिहिलं, चित्रं कुणी काढली, हे नावानिशी सांगा.



– संपादक