जीटीए ६ येतोय, पण आपल्या फोनवर नाही

'जीटीए ६ कडून काय अपेक्षा?' असं युट्युबवर शोधा. व्हिडिओंचा ढीग पडलाय. नकाशा केवढा असेल, किती इमारतींच्या आत शिरता येईल, पोलीस आता कसे मागे लागतील, शेवटी जेसन मरणार की लुसिया. आलेत दोनच ट्रेलर, पण त्यातली एकेक फ्रेम थांबवून, लाल गोल काढून, बाण दाखवून दहा-दहा मिनिटं काढली जातात. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्यात बसून आपण ती बघतो, खाली 'एक नंबर भाऊ' लिहितो आणि पुढच्या व्हिडिओवर जातो.

पहिल्या मिनिटाला जे सांगायला हवं, ते सांगायची मात्र कुणाला घाई नसते. हा गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी जाहीर झालाय. फोनसाठी नाही. पीसीसाठीही घोषणा नाही. म्हणजे तो व्हिडिओ बघणाऱ्या माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाला एकच अपेक्षा ठेवता येते: दुसरा कुणीतरी खेळेल आणि मी बघेन.

मला हे मान्य नाही. आणि मान्य नाही असं आपण मोठ्याने म्हणतही नाही, याचा मला जास्त राग आहे.

आधी हिशेब करू. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. चोवीस तासांत त्याला नऊ कोटींवर व्ह्यूज मिळाले, आणि त्यातला मोठा वाटा आपल्यासारख्या फोनवाल्यांचा नसेल असं मला कुणी पटवून दाखवावं. त्या ट्रेलरमध्ये २०२५ असं लिहिलं होतं. मग तारीख २६ मे २०२६ झाली. मग १९ नोव्हेंबर २०२६. गुरुवार. दिवाळी होऊन दहा-अकरा दिवस झालेले, आणि आपल्याकडे कापूस वेचणीची घाई.

कापसाचा विषय निघालाच आहे तर त्याच मापात मोजू. प्लेस्टेशन ५ नवा घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास जातात. शिवाय टीव्ही चांगला हवा. शिवाय गेम, कारण या कन्सोलचे मोठे नवे गेम आपल्याकडे पाच हजारांच्या घरात विकले जातात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे नुसत्या कन्सोलला सहा-सात क्विंटल कापूस लागला. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर आपल्याकडे लोक वर्षाला नावं ठेवत नाहीत. बियाणं, फवारणी, वेचाईची मजुरी यातलं काहीही वजा न करता, एका एकराचं अख्खं पीक देऊनही कन्सोल येत नाही. आणि हमीभाव हातात पडेलच, असं ज्याने जिनिंगसमोर गाडी घेऊन रांग लावली आहे तो माणूस म्हणणार नाही.

'हप्त्यावर घे ना बे,' असं सांगणारे मित्र मलाही आहेत. हप्त्यावर फोन घेतला जातो, कारण फोनवर फॉर्म भरता येतो, पाऊस बघता येतो, पैसे पाठवता येतात, भरतीचा क्लास करता येतो आणि वर गेमही खेळता येतो. फक्त खेळणाऱ्या डब्यासाठी हप्ता काढायला कोणत्या बापाला सांगणार?

यावर कुणी म्हणेल, महागडी गोष्ट महागडीच असणार, त्यात रडायचं काय. माझा मुद्दा असा की ही मालिका आपल्याकडे महागडी गोष्ट म्हणून आलीच नव्हती. आमच्या शाळेच्या काळात यवतमाळच्या नेट कॅफेंमध्ये तासाला पंधरा-वीस रुपये देऊन 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' खेळले जायचे. कॅफेवाल्याकडे ते कुठून आले, हे कुणी विचारलं नाही. पण ते चालायचे कसे, हे विचारण्यासारखं आहे. २००२ च्या 'व्हाइस सिटी'ला १२८ एमबी रॅम पुरायची आणि 'सॅन अँड्रियास'ला २५६. बँकेच्या लिलावातून आणल्यासारखे दिसणारे, उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवावे लागणारे ते कॉम्प्युटरसुद्धा एवढं ओझं उचलत होते. गेम श्रीमंत होता, पण गरीब मशीनवर चालत होता. आपल्या दोन पिढ्या त्याच्या भक्त झाल्या, त्यामागे जाहिरात नव्हती. हे होतं.

आणि आम्ही तिथे करायचो काय? मिशन फार थोड्यांनी पूर्ण केली. इंग्रजी कळत नव्हतं, काय करायचंय ते पिवळ्या खुणेवरून ओळखायचं. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे. 'हेसोयम' टाइप केलं की तब्येत ठणठणीत आणि अडीच लाख डॉलर खिशात. 'पॅन्झर' म्हटलं की रणगाडा. पण बाकीचा वेळ आम्ही नुसतं भटकायचो. लाल सिग्नलला गाडी थांबवून बघायचो की काय होतं. काहीच व्हायचं नाही, तरी मजा यायची. समुद्र मी आधी व्हाइस सिटीत बघितला, मुंबईतला बऱ्याच वर्षांनी. संध्याकाळी त्या किनाऱ्यावर गाडी उभी करून रेडिओ लावायचा आणि बसायचं. कुणी हाकलत नव्हतं, कुणी 'इथे काय काम आहे तुझं' असं विचारत नव्हतं. ज्या मुलाला मोठं शहर म्हणजे नागपूरच्या मेडिकलचं आवार, एवढंच माहीत, त्याला एक अख्खं शहर उगाच फिरायला मिळालं होतं.

म्हणूनच 'अरे, स्ट्रीमवर बघ, तेवढीच मजा' हे मला खोटं वाटतं. क्रिकेट बघता येतं. तो बघण्यासाठीच असलेला खेळ आहे. जीटीए बघण्यात त्याचा जीवच निघून जातो. स्ट्रीमर ओरडत, पळत मिशन संपवतो, त्याला दुसऱ्या स्ट्रीमरच्या आधी शेवट दाखवायचा असतो. तो किनाऱ्यावर थांबणार नाही, आणि त्याला थांबवणं तुमच्या हातात नाही.

मग कॅफे गेले. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि कॅफेत जायचं कारण उरलं नाही. जीटीए ५ पीसीवर २०१५ मध्ये आला तेव्हा त्याला किमान ४ जीबी रॅम आणि डिस्कवर ६५ जीबी जागा हवी होती. कॅफेंच्या त्या म्हाताऱ्या मशीनना ते झेपणारं नव्हतं. आपण फोनवर आलो आणि मालिका आपल्यापासून दूर निघून गेली.

फोनवर जीटीए येतच नाही, असं नाही. येतो, पण उरलेला. 'सॅन अँड्रियास' २००४ चा, फोनवर आला डिसेंबर २०१३ मध्ये. नऊ वर्षं. रॉकस्टारचाच 'रेड डेड रिडेम्प्शन' २०१० चा, फोनवर आला डिसेंबर २०२५ मध्ये. पंधरा वर्षं. २०१३ चा जीटीए ५ तर आजही फोनवर अधिकृतपणे आलेला नाही. या चालीने जीटीए ६ फोनवर येईल तेव्हा आज बारावीत असलेला मुलगा स्वतःच्या पोराचं ॲडमिशन शोधत असेल.

या रिकाम्या जागेत काय उगवतं तेही बघा. 'जीटीए ५ मोबाइल एपीके' शोधा, शेकडो लिंक मिळतील. डाउनलोड दाबलं की 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा', मग दोन ॲप टाका, मग नंबर द्या, मग ओटीपी. गेम कधीच येत नाही. जीटीए ६ च्या नावानेही हाच बाजार भरणार आहे, आणि त्यात फसणारा मुलगा मूर्ख नसेल. त्याला खरं दुकानच कुणी उघडून दिलेलं नसेल. त्याला सांगा: फोनसाठी जीटीए ६ नावाची जी फाइल मिळेल ती खोटीच.

तर मग अपेक्षा काय ठेवायची? हा गेम फोनच्या आत बसवा, असं मी म्हणत नाही. ते शक्य नाही हे मलाही कळतं. पण क्लाउड नावाची गोष्ट आहे. गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, चित्र तुमच्या फोनवर येतं आणि बटणं तुम्ही दाबता. एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झालं आहे. म्हणजे रस्ता आहे. गेम विकत घेणाऱ्याला तो पहिल्या दिवसापासून भारतात क्लाउडवर, रुपयात, महिन्याच्या रिचार्जसारख्या भावात खेळता येईल का, हा प्रश्न विचारायचा आहे. घाटंजीच्या पुढे गेल्यावर टॉवर टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळ्या लोकांना विचारायचा आहे. पण नकाशा केवढा यावर चाळीस व्हिडिओ निघतात, तिथे यावर चार तरी निघावेत.

दुसरी अपेक्षा भाषेची. जीटीए ५ मध्ये पोलिश भाषेत मजकूर वाचता येतो. पोलिश बोलणारे साधारण चार कोटी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. जीटीए ५ मध्ये मराठी नाही, हिंदी नाही, तमिळ नाही, एकही भारतीय भाषा नाही. मजा म्हणजे रॉकस्टारचा एक स्टुडिओ बंगळुरूत आहे, २०१९ मध्ये त्यांनी तिथलीच जुनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह कंपनी विकत घेतली. गेमला भारतातले हात चालतात. आवाजाचं सोडा, स्क्रीनखालची एक ओळ तरी आपल्या लिपीत?

इथे नेहमीचं उत्तर येतं: पोलंडवाले विकत घेतात, तुम्ही चोरून खेळता. हे उत्तर अगदी पोकळ नाही, त्यामुळे ते टाळून चालणार नाही. पण क्रम बघा. आधी दुकान नव्हतं, मग चोरी होती. ज्या गेमांनी फोनवर दुकान मांडलं, त्यांच्याकडे आपल्याच जिल्ह्यातली पोरं बीजीएमआयच्या कपड्यांसाठी यूसी विकत घेताना मी बघितली आहेत. खिशातले शंभर-दोनशे रुपये, तेही घरी न सांगता. जो नुसत्या रंगीत जॅकेटसाठी पैसे देतो, तो व्हाइस सिटीसाठी देणार नाही? जीटीए ५ च्या वीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. ज्यांनी एवढे विकलेत त्यांनी 'तुमचा बाजार छोटा आहे' म्हणावं, आणि आपण मान डोलवावी, हे काही पटत नाही.

एक गोष्ट मात्र मी मागणार नाही: लवकर आणा. तारीख पुढे गेली की कमेंटमध्ये शिव्यांचा पाऊस पडतो आणि त्यात आपली पोरंही असतात. २०१८ मध्ये याच कंपनीचे डॅन हाउझर आठवड्याला शंभर तास काम झाल्याचं बोलून गेले होते आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. संघटना म्हणते युनियन केली म्हणून, कंपनी म्हणते गुप्त माहिती फोडली म्हणून. तुमच्या-माझ्या घाईचा भार शेवटी कुणाच्या रात्रींवर पडतो ते यातून दिसतं. लागू दे वेळ. वाट बघणं यवतमाळकरांना शिकवायची गरज नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेला जीटीए ५ येण्याच्या कितीतरी आधी मंजुरी मिळाली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी कळंबपर्यंत आली. शकुंतला होती तीही बंद पडली. मला घाई नाही. मला फक्त आमचं स्टेशन नकाशावर आहे का ते कळायला हवं.

आणि हे फक्त अमेरिकेच्या कंपनीला ऐकवून भागणार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला. सर्कशीतली मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, हातात त्रिशूळ. त्याआधी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. छोटा गेम, पण सुंदर. कथा मात्र अशा जागी सोडली की चिडायला झालं. पहिला 'राजी' मागाहून नेटफ्लिक्समार्फत फोनवरही आला. आता 'राजी: कलियुग' या पुढच्या भागाची घोषणा २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये झाली आहे, आणि तीही कन्सोल आणि पीसीसाठी. त्यांची अडचण मला समजते. छोट्या स्टुडिओला पैसा बाहेरच्या बाजारातून मिळतो. पण पुण्याहून यवतमाळला यायलाही गेमला लंडन-टोकियो फिरून यावं लागत असेल, तर पुण्यातल्या लोकांना हे विचारायलाच हवं, आणि ते मराठीत विचारता येईल.

आता युट्युबवाल्या भावांनो, तुमच्यासाठी एक साधं काम. पुढचा 'अपेक्षा' व्हिडिओ टाकाल तेव्हा त्याच दिवशी कम्युनिटी टॅबवर एक पोल टाका. प्रश्न एकच: जीटीए ६ तुम्ही कशावर खेळणार? पर्याय चार: प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, मित्राच्या घरी, आणि खेळणार नाही, तुमच्या चॅनलवर बघणार. जो आकडा येईल तो न लपवता पिन करा, आणि त्याचा स्क्रीनशॉट रॉकस्टारला टॅग करा.