घरातले वैयावृत्त्य

भोर आणि वेल्हे ही पुण्याजवळची ठिकाणे मानली जातात. भोरपासून पुणे सुमारे पन्नास किलोमीटर; वेल्हे थोडे अधिक दूर. मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्याला हे अंतर जाणवतही नाही. सकाळी टेम्पो निघतो आणि दुपारी मार्केट यार्डातून माल भरून परततो. परंतु घरातील गृहिणीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान होते आणि तोच रस्ता एकाएकी लांब होतो. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, बहुधा तीन ते पाच आठवडे चालतात. यंत्राखाली निजण्याचा वेळ काही मिनिटांचा. जाणे, येणे आणि रांगेत बसणे यांत मात्र सारा दिवस जातो. वेल्ह्याची स्त्री वळणावळणांनी चेलाडी फाट्यावर पोहोचते, तेव्हा तिचे अर्धे बळ सरलेले असते. महामार्ग तर पुढेच असतो.

अशा प्रसंगी व्यापारी घरातील पुरुष काय करतो? तो उत्तम डॉक्टर शोधतो, ओळखी काढतो, पैशांची तजवीज करतो, गाडी आणि चालक देतो. सोबतीला धाकटी जाऊ किंवा नणंद जाते आणि तो स्वतः दुकानी बसतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दुकान बंद राहिले तर गिऱ्हाईक शेजारच्या पायरीवर जाते, आणि औषधांचा खर्च त्याच गल्ल्यातून व्हायचा असतो. तरीही संध्याकाळी घरी परतलेल्या पत्नीला ‘आज काय झाले?’ असे विचारणारा पती आणि ‘आज किती वेळ बसावे लागले आपल्याला!’ असे म्हणू शकणारा पती, यांत फार अंतर आहे.

धनाने काय साधते आणि काय साधत नाही, याचे उदाहरण मुंबईच्या एका थोर उद्योगी घराण्यात घडून गेले आहे. सर दोराबजी टाटा आणि मेहेरबाई यांचा विवाह १८९८ सालचा. दोराबजींनी पत्नीसाठी घेतलेला ज्युबिली हिरा २४५ कॅरेटचा, कोहिनूरहूनही मोठा होता. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली. हा हिराही त्यात होता. कारखाना तरला. पुढे मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्या काळी या रोगावर जगात कोठेही खरा इलाज नव्हता. दोराबजींनी पुढल्याच वर्षी पत्नीच्या नावे रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला, जवळजवळ सारी संपत्ती दान केली, आणि जून १९३२ मध्ये युरोपच्या प्रवासात जर्मनीत त्यांनीही देह ठेवला. त्यांच्या न्यासाने उभारलेले परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज भोरच्या किराणा दुकानदारापाशी तो हिरा नाही. पण दोराबजींना कोणत्याही मोलाने न मिळालेले उपचार त्याच्या आवाक्यात आहेत. वेळीच ध्यानात आलेल्या स्तनाच्या कर्करोगातून बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. म्हणूनच या सहा-आठ महिन्यांत पतीने कोठे असावे, हा प्रश्न आता अधिक मोलाचा झाला आहे.

त्याची पहिली जागा डॉक्टरांच्या समोरच्या दुसऱ्या खुर्चीत. रोगाचे नाव उच्चारले गेले, की त्यापुढचे शब्द रुग्णाच्या कानांवर पडतात, मनात उतरत नाहीत. ते दुसऱ्या कोणीतरी ऐकून लिहून ठेवावे लागतात. व्यापाऱ्याचा हात या कामात तयार असतो. रोजमेळ लिहावा तशी एक स्वतंत्र वही घालावी: तारीख, दिलेले औषध, रक्ततपासणीचे आकडे, ताप, वजन, पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण होते. त्या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर घरीच तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे घातक ठरू शकते. तत्काळ डॉक्टरांना कळवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. आषाढ-श्रावणात वेल्ह्याच्या रस्त्यावर धुके आणि पाऊस असतो. गाडी कोणाची, चालवणार कोण, फाइल कोठे, हे त्या रात्री ठरवायला वेळ नसतो.

पावसाळा म्हणजेच चातुर्मास. येथे जैन गृहिणीपुढे असा एक पेच उभा राहतो, जो रुग्णालयातील कोणाच्याही लक्षात येत नाही. वीस-पंचवीस वर्षे तिने चौविहार पाळलेला असतो. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. आता सांगितले जाते, की भरपूर पाणी प्या आणि रात्रीची गोळी चुकवू नका. स्तनाच्या कर्करोगात वारंवार दिले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला त्रास देते. म्हणून ते दिल्यावर संध्याकाळीही पाणी पोटात जावे लागते. ती बहुधा वाद घालत नाही. गोळी उशीखाली ठेवते आणि सकाळी घेते. पतीला हे कळतही नाही.

उकळलेल्या पाण्याची आपली रीत या आजारात फार उपकारक आहे. मळमळीच्या दिवसांत आयंबिलासारखे सौम्य अन्न जिभेला सोसते, हेही खरे; पण तेवढ्यावर अंग भरत नाही. मूग, सोयाबीन, शेंगदाणे, पनीर यांतून प्रथिने मिळाल्यावाचून झिजलेल्या पेशी सावरत नाहीत. उपवासाचा तर विचारही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पच्चक्खाणाच्या पाठातच आगारांची तरतूद आहे आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेणे हा त्यातलाच एक आगार आहे. हे तिला ठाऊक असते. तरी स्वतःसाठी सवलत मागण्याची सवय तिला नसते. उपचार सुरू होण्यापूर्वीच पतीने तिला घेऊन महाराजसाहेबांकडे किंवा साध्वीजींकडे जावे आणि तिच्यासमोर हे विचारून घ्यावे. मग रात्रीचा पाण्याचा पेला तिच्या हाती देताना तिच्या मनावर अपराधाचे ओझे राहत नाही. उपवास हे बाह्य तप आणि वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप, असे आपण व्याख्यानात नेहमी ऐकतो. चौमासीचा हिशोब मांडताना मात्र किती घरांत पत्नीच्या उशाशी जागलेल्या रात्री तपात धरल्या जातात?

केस गळण्याचेही असेच. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत ते हातात येऊ लागतात. केशलुंचन केलेल्या साध्वीजींपुढे मस्तक नमवणारा समाज, केस गेलेल्या गृहिणीला मात्र पाहुण्यांपुढे येऊ नको म्हणतो. घरात लग्नाची मुलगी असेल, तर आजाराचे नावही उंबऱ्याबाहेर जाऊ दिले जात नाही. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात, आणि त्या घरांतील मुलींना तर हे कळणे त्यांच्याच तपासणीसाठी आवश्यक असते. लपवल्याने स्थळ वाचते की नाही कोण जाणे. रुग्णाला मात्र आपण घरावरचा डाग आहोत असे वाटू लागते. हा पडदा पतीनेच दूर करावा. त्याने मोकळेपणाने नाव घेतले, की बाजारपेठेतली कुजबुज दोन दिवसांत थांबते.

डॉ. अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा, म्हणजेच अनिता, यांचे घर पुण्यातले. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करीत आणि अवचट लेखनाबरोबर घर व दोन्ही मुली सांभाळत. सुनंदाबाईंना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्या पतीला परके नव्हते. त्यांनीही आजारपणात, १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे काम सोडले नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे बहुतेक पुरुषांना मुगाची खिचडी करायला शिकावे लागते ते याच काळात. उशिराने का होईना, शिकलेले बरे.

आजारी पती असेल, तर चित्र उलटे होते. पत्नी सेवेत कोठे उणी पडत नाही. पण उधारी कोणाकडे किती, धनादेशावर सही कोणाची चालते, जीएसटीचे विवरण कधी भरायचे, यातले तिला काही सांगितलेलेच नसते. ‘तू काळजी करू नकोस,’ एवढेच तिच्या वाट्याला येते. उधारीची वही तिच्या पुढ्यात ठेवून, एकेका नावाची ओळख करून देणारा पती तिची काळजी अधिक हलकी करतो.

उपचार संपल्यावर दुकान पूर्ववत चालू होते. गोळ्या मात्र कित्येकींना पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागतात आणि दर काही महिन्यांनी तपासणी असते. त्या प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री तिला झोप नसते. दिवाळीत वहीपूजन झाले, की नव्या वहीच्या पहिल्या पानावर या तारखा लिहून त्या दिवशीचे दुकान मुलाकडे सोपवावे आणि पुण्याच्या गाडीत तिच्या शेजारी बसावे.